जुनी .३१५ ची काडतुसं: कोणती ठेवली, कोणती जमा केली

वडिलांच्या पश्चात .३१५ बोअरची रायफल परवान्यासह माझ्या नावावर झाली. तोवर रायफल आणि काडतुसं नियमाप्रमाणे परवानाधारक विक्रेत्याकडे जमा होती. ताब्यात आल्यावर आधी काडतुसं मोजली आणि परवान्यावरच्या आकड्याशी जुळवली. आकड्यापेक्षा एक जरी जास्त निघालं, तरी ते कितीही चांगलं असो, बेकायदाच.

‘किती वर्षांची आहेत?’ हा प्रश्न सगळे विचारतात. ‘कुठे ठेवली होती?’ हा प्रश्न जास्त कामाचा. आतली दारू मुख्यतः नायट्रोसेल्युलोजची. ती आपोआप, अगदी हळू विघटत असते आणि त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडं सुटतात. ती शोषायला दारूत डायफेनिलअमाइनसारखं द्रव्य घातलेलं असतं. ते संपलं की आम्ल साठतं आणि विघटन वेग घेतं. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढलं की हा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणून लोखंडी कपाटात थंड-कोरडी राहिलेली ४० वर्षांची काडतुसं ठणठणीत निघू शकतात आणि पत्र्याखालच्या माळ्यावरची त्याहून कितीतरी नवी काडतुसं वाया जाऊ शकतात.

बुडावरचा शिक्का बघून आणि खोक्यानुसार गठ्ठे केले. ‘केएफ’ म्हणजे खडकीचा दारूगोळा कारखाना. गठ्ठे मिसळायचे नाहीत, कारण एका खोक्यातलं एक काडतूस बिघडलेलं निघालं की बाकीच्यांवरही संशय घ्यावा लागतो.

मग दिवसाच्या उजेडात, भिंग घेऊन एकेक पाहिलं. नळकांड्याचं पितळ नुसतं काळवंडलं असेल तर हरकत नाही. हिरवा थर कोरड्या फडक्याने निघाला आणि खाली पितळ गुळगुळीत असेल तरी चालतं. खड्डे पडले असतील तर बाद. टोपीभोवती (बुडाच्या मध्यावरची, ठिणगी पाडून दारू पेटवणारी) हिरवं दिसलं तर बाद. गोळी बोटांनी फिरली किंवा आत दबली तर नक्कीच बाद, कारण गोळी आत सरकली की दाब वाढतो. हलवून आवाज ऐकण्यात अर्थ नाही. नळकांडं दारूने काठोकाठ भरलेलं असेल तर चांगलं काडतूसही वाजत नाही. आंबूस, झोंबणारा वास आला तर तो अख्खा गठ्ठाच बाजूला ठेवायचा.

सर्वात जास्त वेळ मी मानेवरच्या तडांवर घालवला. गोळी धरून ठेवणाऱ्या मानेत उभी, केसासारखी बारीक चीर पडते. ब्रिटिश फौजेला हे दुखणं भारतातच भेटलं: पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवलेल्या काडतुसांना तडा जात. घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया आणि ओढून घडवलेल्या पितळात उरलेला ताण, हे त्याचं कारण १९२१ मध्ये स्पष्ट झालं. म्हणून गोठ्याशेजारी, खताच्या खोलीत काडतुसं ठेवू नयेत, आणि अमोनिया असलेलं पितळेचं पॉलिश तर मुळीच लावू नये. चामड्याच्या पट्ट्यातही ती कायमची ठेवू नयेत. कमावलेल्या चामड्यातल्या आम्लाने पितळ कळकतं. तेलाने पुसणंही नको, ते टोपीत झिरपून ती मारतं.

काडतूस पकडीने उघडून दारू बघायचा मोह होतो. तो आवरावा.

निवडलेली काडतुसं परवानगी असलेल्या रेंजवर, डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण लावून झाडली. घोडा ओढल्यावर बार झाला नाही तर नळी निशाणाकडेच धरून निदान ३० सेकंद थांबायचं. मी पूर्ण मिनिट थांबतो. काडतूस उशिरा पेटणारं असेल आणि बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) घाईने उघडला तर चेहऱ्यासमोर स्फोट होऊ शकतो. नंतर रायफलच्या पिनने टोपीवर पाडलेली खूण बघायची. खूण उथळ असेल तर दोष बहुधा रायफलचा असतो: बोल्टमधलं ग्रीस गोठलेलं किंवा स्प्रिंग थकलेली. खूण खोल असेल तर टोपी मेली.

सर्वात घातक प्रकार म्हणजे दबका ‘फट्’ आवाज आणि नेहमीपेक्षा कमी धक्का. अशा वेळी गोळी नळीत अडकलेली असू शकते. पुढचा बार केला तर नळी फाटू शकते. रायफल रिकामी करून बोल्ट काढायचा आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघायचं. याउलट टोपी चपटी झाली, तिच्याभोवती काजळी आली किंवा बोल्ट जड उघडला, तर दाब जास्त. त्या गठ्ठ्यातलं पुढचं काडतूस भरायचं नाही.

जुन्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असू शकतं. त्याचा क्षार नळीत उरतो आणि दमट हवेत काही तासांत गंज धरतो. तो तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून आधी गरम पाणी ओतलं, कोरडं फडकं फिरवलं आणि मगच तेल लावलं.

बाद काडतुसं कचऱ्यात, विहिरीत किंवा चुलीत टाकायची नाहीत. गठ्ठ्यानुसार शिक्के आणि संख्या लिहून पोलीस ठाण्यात अर्ज दिला, काडतुसं जमा केली, पोच घेतली आणि परवान्यावर नोंद करून घेतली. नवीन खरेदीच्या वेळी विक्रेता तीच नोंद बघतो.