एकच कोर तुटली होती

डिसेंबरचा ऐन हंगाम. पांढरकवड्याकडच्या एका जिनिंगमधून मुनीमजींचा फोन आला, "भाऊ, काट्याची पावतीच निघून नाई राहिली. गाड्या पार रोडवर गेल्या."

पोचलो तेव्हा कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग फाटकाबाहेर गेलेली. काटा वजन दाखवत होता, पण पावतीचं सॉफ्टवेअर ऑफिसच्या सर्व्हरवर; तिथपर्यंत काहीच जाईना. कॅमेरेही बंद. नेटवर्कच्या वायरी जिथे एकत्र येतात त्या तिन्ही स्विचचे सगळे दिवे मात्र एका तालात फडफडत होते. ते पाहूनच पोटात गोळा आला. हा लूप होता, म्हणजे डेटा वर्तुळात अडकला होता, आणि हे नेटवर्क जूनमध्ये मीच लावलं होतं.

ऑफिस, शेड आणि गेट असे तीन स्विच फायबरने तिकोनात जोडलेले. तिन्ही वाटा एकदम उघड्या ठेवता येत नाहीत. सगळ्यांसाठी पाठवलेल्या डेटाच्या तुकड्याला, म्हणजे ब्रॉडकास्ट फ्रेमला, वर्तुळ सापडलं की ती फिरतच राहते. म्हणून स्पॅनिंग ट्री नावाची स्विचमधली व्यवस्था एक वाट अडवून ठेवते. संगणकशास्त्रज्ञ रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली काढलेली ही युक्ती आजही पटते. इथे शेडकडून येणारी वाट गेटच्या स्विचने अडवलेली होती.

शेडची वायर गेटवर उपसली आणि मिनिटभरात पावत्या सुरू झाल्या. मग ती वाट उघडली कुणी? स्विचला कन्सोल लावून नोंदी पाहिल्या: अडवलेला पोर्ट आपणहून फॉरवर्डिंगला गेला होता, म्हणजे उघडला होता. वायर क्षणभर परत लावली, तर फायबरला स्विचशी जोडणाऱ्या डबीवर, म्हणजे मीडिया कन्व्हर्टरवर, स्विचकडचा दिवा हिरवा, फायबरचा मात्र विझलेला. शेडच्या टोकाला दोन्ही पेटलेले.

तेव्हा उलगडलं. फायबरच्या दोन कोरांपैकी, म्हणजे काचेच्या तंतूंपैकी, शेडकडून गेटकडे येणारी एकच तुटली होती. स्विचला वाटलं, लिंक शाबूत आहे. शेडकडून बीपीडीयू, म्हणजे स्विच एकमेकांना पाठवतात ते स्पॅनिंग ट्रीचे निरोप, येईनात, म्हणून जुन्या स्पॅनिंग ट्रीच्या हिशेबाने २० सेकंद वाट पाहून आणि १५-१५ सेकंदांचे दोन टप्पे ओलांडून त्याने पोर्ट उघडला. दुसरी कोर जिवंतच होती. वर्तुळ पूर्ण झालं. जूनमध्ये मी अख्खी वायर उपसून चाचणी घेतली होती. एकच कोर काढून पाहण्याचं सुचलंच नव्हतं, आणि त्यापायी माणसं सकाळपासून उपाशी रांगेत उभी होती. ते मला फार लागलं.

सरकीच्या ढिगाऱ्यामागच्या नालीत केबल उंदरांनी कुरतडलेली सापडली. यवतमाळहून स्प्लायसिंगवाला आला, तोवर अंधारलं होतं. जोड झाल्यावर गेटच्या पोर्टवर लूप गार्ड लावला, म्हणजे बीपीडीयू थांबले तरी तो उघडणार नाही. मग तीच एक कोर काढली आणि घड्याळ धरून बसलो.

पन्नास सेकंद गेले. दोन मिनिटं गेली. पोर्ट अडलेलाच राहिला. बाजूला काट्यावर ट्रॅक्टर चढला, पावती निघाली.

"झालं का भाऊ?" मुनीमजींनी विचारलं.

"हो. आता शेडकडचीही काढून पाहतो," म्हणालो आणि टॉर्च घेऊन निघालो.