जर्मनीत शिकायला जाताय? सिमचं आधी बघा

सुट्टीला नाशिकला आलेय तर कॉलेज रोडवर जो भेटतो तो हेच विचारतो, ताई तिकडे फोनचं काय करायचं, म्हणून एकदाच लिहून टाकते. जर्मनीपुरतं सांगतेय हं.

कॉन्ट्रॅक्टच्या नादी लागू नका. नवा फोन जवळपास फुकट दिसतो पण 24 महिने अडकता, आणि आपलं मास्टर्सच दोन वर्षांचं! प्रीपेड घ्या. आल्डी, लिडल म्हणजे तिकडचे डीमार्टच, ते स्वतःची सिमं विकतात आणि स्वस्त पडतात. फक्त पॅक बहुतेक 4 आठवड्यांचे असतात, म्हणजे वर्षाला 12 नाही तर 13 रिचार्ज, बजेट तसं धरा. 2017 पासून प्रीपेडलाही ओळख पटवावी लागते, व्हिडिओ कॉलवर पासपोर्ट तिरका करून होलोग्राम चमकवत बसायचं, त्यामुळे हे काम दिवसाउजेडी आणि चांगल्या वायफायवर करा, होस्टेलच्या पिवळ्या बल्बखाली नको.

भारतातलं सिम मात्र बंद पडू देऊ नका, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. निघायच्या आधी इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घ्या, डेटा रोमिंग बंद ठेवा, आणि रिचार्जचं काम घरी कुणाच्या तरी गळ्यात मारा, आमच्याकडे पप्पांच्या.

बाकी घरच्यांशी बोलायला व्हॉट्सॲप आहेच. आमच्या सिडकोतल्या घरात रेंज फक्त गॅलरीत येते, त्यामुळे माझे मार्क आईच्या आधी शेजारच्या काकूंना कळतात.