खानदेशातली ढाबळ: ऊन, ओल आणि शर्यतीचे होमर

होमर, म्हणजे शर्यतीचं कबूतर, पिसं फुगवून कोपऱ्यात बसला की बहुतेकांचा हात औषधाच्या डब्याकडे जातो. आधी ढाबळीची, म्हणजे कबुतरांच्या खोलीची, जमीन बघा. शर्यतीच्या कबुतरांना होणारे बरेचसे त्रास ओल, गर्दी आणि कोंदट हवा यांतून येतात, आणि या तिन्हींवर बाटलीत मिळणारं औषध नाही. आपल्याकडे पंचाईत अशी की एकाच ढाबळीने दोन उलटे मोसम काढायचे असतात. अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांपर्यंत जातो, आणि मृगाच्या सरी सुरू झाल्या की दाण्याच्या पोत्यापासून घरट्याच्या काड्यांपर्यंत सगळं दमट.

जागेचा हिशेब साधा आहे. एका पक्ष्यामागे अर्धा घनमीटर हवा लागते. 8 फूट लांब, 6 फूट रुंद आणि 7 फूट उंच खोली म्हणजे साधारण साडेनऊ घनमीटर. त्यात 19-20 पक्षी, बस्स. तेवढ्यात चाळीस कोंबणाऱ्याला कुठलंही व्हिटॅमिन वाचवू शकत नाही.

ढाबळीचं तोंड पूर्वेला ठेवा. सकाळचं ऊन आत येतं, आणि उन्हाळ्यातल्या दुपारच्या झळा व पावसाळ्यातली झड पाठीवर जाते. गच्चीवर बांधत असाल तर तळ स्लॅबपासून दीड फूट वर घ्या. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतो, ती खालून वाऱ्याने निघून गेली पाहिजे. पत्रा एकेरी नको. पत्र्याखाली तीन-चार इंच मोकळी जागा सोडून बांबूचा तट्टा, आणि पत्र्यावरून चुन्याचे दोन हात. वरून कडबा टाकायचा मोह टाळा, त्यात उंदीर घर करतात. नैऋत्येला छप्पर दोन फूट पुढे काढा. जाळी अर्ध्या इंचाचीच हवी, एक इंचाच्या जाळीतून उंदराची पिल्लं सहज आत येतात आणि त्यांच्या लेंड्यांतून साल्मोनेला हा जंतू दाण्यात उतरतो.

हवा खालून यावी आणि छपराजवळून बाहेर जावी, पण बसल्या पक्ष्याच्या अंगावरून झोत जाऊ नये. तपासायला एक उदबत्ती पुरते. संध्याकाळी पक्षी बसल्यावर ती त्यांच्या बसायच्या पट्ट्यांच्या उंचीवर धरा. धूर सावकाश वर चढून फटीतून गेला तर ठीक. आडवा पळाला तर तिथे झोत आहे, समोरची फट बुजवा. धूर तिथल्या तिथेच घोटाळत राहिला तर वरचा मार्ग अपुरा. मग ढाबळीत खाली बसा आणि श्वास घ्या. अमोनियाने डोळे चुरचुरले, तर रात्रभर तीच हवा घेणाऱ्या पक्ष्याच्या नाकावरची एरवी खडूसारखी पांढरी गाठ करडी पडायला वेळ लागत नाही.

शीट रोज कोरडीच खरवडायची. इथेच बरेच जण पाण्याचा पाइप सोडतात आणि नंतर कॉक्सिडिओसिसला, म्हणजे आतड्यातल्या परजीवीच्या रोगाला, नावं ठेवतात. या रोगाची अंडी शिटेतून पडतात तेव्हा निरुपद्रवी असतात. ऊब आणि ओल मिळाली की दोन-तीन दिवसांत ती लागण करण्याजोगी होतात. रोज खरवडली आणि जमीन सुकी राहिली की साखळी तिथेच तुटते. पावसाळ्यात विरलेल्या चुन्याची भुकटी भुरभुरवा, पण पक्षी बाहेर असताना, आणि कळीचा चुना कधीच नाही, पाय भाजतात. खरवडण्याआधी शीट बघून घ्या. घट्ट गोळी, वर पांढरी टोपी, आजूबाजूला बारीक कापसासारखी पिसं पडलेली, असं असेल तर ढाबळ ठणठणीत आहे. पाणचट हिरवी शीट पडली की तो पक्षी त्याच दिवशी वेगळा काढा.

पाण्याबद्दल थोडं जास्त लिहितो. कबुतराला घाम येत नाही, ते चोच उघडून धापा टाकत अंग गार करतं आणि त्यात पाणी जातं. एरवी दिवसाला 40-50 मिलि पिणारा पक्षी वैशाखात दुप्पट पितो. मातीच्या भांड्यात पाणी गार राहतं हे खरं, पण त्याच्या आत बोट फिरवून बघा. दुसऱ्या दिवशीच बुळबुळीत थर लागतो. कॅन्कर या घशाच्या रोगाचा परजीवी अशाच सामाईक पाण्यातून एका घशातून दुसऱ्या घशात जातो. मात्र तो कोरडेपणात टिकत नाही. म्हणून भांडी दोन जोड ठेवा. आजचं घासून दिवसभर उन्हात पालथं, उद्या ते आत आणि हे बाहेर. उन्हाळ्यात पाणी दिवसातून दोनदा बदला. व्हिनेगर घालणार असाल तर लिटरला 5 मिलि, आणि जस्ताच्या भांड्यात अजिबात नाही.

दाणा एका पक्ष्याला दिवसाला सुमारे 30 ग्रॅम, म्हणजे वीस पक्ष्यांना 600 ग्रॅम. हिवाळ्यात, शर्यतीच्या दिवसांत किलोभर मिश्रण असं करा: मका 350 ग्रॅम, ज्वारी 150, गहू 150, वाटाणा आणि मूग मिळून 200, करडई 100, बाजरी 50. उन्हाळ्यात मका 150 वर आणा, करडई, बाजरी आणि वाटाणा काढा, ज्वारी 350 करा, गहू 150 आणि मूग 150 ठेवा, उरलेली 200 साळ. पिल्लं भरवणाऱ्या जोड्यांना डाळवर्गीय दाणा 300 पर्यंत चालतो. सकाळच्या उडाणानंतर थोडा, संध्याकाळी पोटभर. पहिले दोन-तीन पक्षी पाण्याकडे वळले की हात आखडता घ्या.

दिवाळीच्या आसपास बाजारात येणारा नवा मका ओला असतो. दाताखाली कडक् वाजला नाही तर तो अजून वाळवायचा आहे. बुरशी धरलेल्या मक्यातलं विष यकृत खातं, धुतल्याने किंवा उन्हात घातल्याने जात नाही. आणि पेरणीतून उरलेलं गुलाबी-लाल रंगाचं बियाणं स्वस्तात मिळालं तरी ढाबळीत आणू नका, त्यावर कीटकनाशक चोळलेलं असतं. याच कारणाने पेरणीच्या आणि कपाशीवरच्या फवारणीच्या दिवसांत पक्षी शेतात चरायला उतरता कामा नयेत. उपाशी सोडला की तो उतरणारच.

ग्रिट, म्हणजे पक्षी दाण्याबरोबर गिळतात तो खडे-चुऱ्याचा मेळ, घरी होतं: विटेचे बारीक तुकडे, शिंपल्यांचा चुरा, भाजलेली अंड्याची टरफलं, लाकडी कोळसा आणि किलोमागे 10-20 ग्रॅम मीठ. डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लीनसारखं औषध दिलं तर तेवढे दिवस ग्रिट उचलून ठेवा. कॅल्शियम त्या औषधाला बांधून टाकतं आणि कोर्स वाया जातो.

पावसाळ्याचा खरा शत्रू म्हणजे कबुतरमाशी, पिसांत आडवी पळणारी चपटी, तपकिरी. ती रक्त पिते आणि मलेरियासारखा परजीवी रक्तात सोडते. मग पक्षी दिसायला बरा, पण लांबच्या उडाणात मागे पडतो. तिचे काळे मण्यासारखे कोष घरट्याच्या कचऱ्यात पडतात आणि त्यातून माशी निघायला तीन आठवड्यांहून जास्त लागतात. म्हणजे दर पंधरा दिवसांनी घरट्यांतला कचरा काढून जाळला तर पुढची पिढी जन्मतच नाही. तांबड्या गोचिडीसाठी रात्री टॉर्च घेऊन पट्ट्यांच्या फटी बघा, दिवसा ती दिसत नाही. देवी डासांमुळे पसरतात, तेव्हा जाळीला आतून मच्छरदाणीचं कापड लावा.

आठवड्यातून एकदा प्रत्येक पक्षी हातात घ्या. चोच उघडून घसा गुलाबी आहे का, पिवळा पनीरसारखा थर आहे का, ते बघा. पंख उलगडून उजेडासमोर धरा. पिसावर आडवी बारीक रेघ दिसली तर ते पीस वाढत असताना पक्षी उपाशी, आजारी किंवा चुकीच्या औषधावर होता. जंतांसाठी जनावरांच्या दुकानात अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल सहज मिळतं. कबुतराला ती दोन्ही विषारी ठरू शकतात, आणि वाढतं पीसही त्यांनी खराब होतं. लेव्हामिसोलसारखा पर्याय वजनावरून, पशुवैद्यकाला विचारूनच द्या. मान वळणं, दाणा टिपताना चोच चुकणं, पाण्यासारखी शीट ही कोंबड्यांच्या मानमोडी रोगाच्या जातकुळीतल्या विषाणूची लक्षणं. त्यावर औषध नाही, लस आधीच टोचायची असते.

नवा किंवा वाट चुकून आलेला पक्षी महिनाभर वेगळा, त्याचं भांडंही वेगळं. शर्यतीच्या करंड्यांत दहा ढाबळींचे पक्षी एकत्र पाणी पितात. परतलेल्याला थोडं ग्लुकोज घातलेलं पाणी आणि हलका दाणा द्या, आणि पुढच्या आठवड्यात त्याचा घसा दोनदा बघा.

खरवडताना तुमच्या नाकातोंडावर मास्क हवा. वाळलेल्या शिटेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की फुप्फुसाचा जो आजार होतो, तो पुष्कळदा साधा दमा समजला जातो. कोरडा खोकला लांबला तर डॉक्टरांना घरी कबुतरं आहेत हे आवर्जून सांगा, ते आपणहून विचारतीलच असं नाही.