तुम्ही विचारलंत म्हणून: घरातला तो बुद्धिबळाचा पट फाबेर्जेचा, म्हणजे रशियाच्या झारच्या त्या नामांकित जवाहिऱ्याचा, आहे का?

नाही. दिवाळीला घरी येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगून थकलो, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. पुढचा प्रश्नही ठरलेला असतो: "मग काचेच्या कपाटात कशाला?"

1994 साली मी मॉस्कोत औषधांच्या व्यापारात होतो. एका विक्रेत्याने घरी नेऊन हा बुद्धिबळाचा पट दाखवला. चांदीची चौकट, गडद हिरव्या नेफ्राइटची (जेडसारख्या दगडाची) घरं, मोहऱ्यांना चांदीच्या बैठका, त्यांवर 84 चा शिक्का. रशियाच्या जुन्या पौंडात 96 झोलोत्निक, हे त्यांचं वजनाचं माप; 84 म्हणजे साडेसत्त्याऐंशी टक्के चांदी. आपल्या तोळ्यातही 96 गुंजा. सोनाराच्या नातवाला एवढं जुळलेलं पुरलं. वर तो म्हणाला, हा कुरोपात्किनच्या पटाचा भाऊ. तो पट मी चित्रात पाहिला होता. जपानशी लढताना 1905 मध्ये मुकदेनला हरलेल्या या जनरलला त्याच्याच अधिकाऱ्यांनी तो फाबेर्जेकडून करवून दिला होता. हरलेल्या सेनापतीला बुद्धिबळ! ही माया की खोच, मला अजून कळलेलं नाही.

फ्लॅटच्या हप्त्यासाठी घरी पाठवायचे पैसे मी त्याच्या हातात ठेवले. वडिलांना सांगितलं, बँकेत अडकलेत.

तेरा वर्षांनी पट लंडनच्या एका लिलावघरात नेला. तिथल्या बाईंनी पटाकडे पाहिलंच नाही. एक प्यादं उचललं, उलटं केलं, भिंग लावलं. मग दुसरं. मग तिसरं. सोळाही प्यादी उलटी करून ओळीने मांडली आणि भिंग माझ्याकडे सरकवलं. शिक्क्यात कोकोश्निक, म्हणजे रशियन बायकांचा पारंपरिक शिरपेच, घातलेल्या बाईचं तोंड असतं. 1908 पर्यंत ती डावीकडे पाहते, नंतर उजवीकडे. माझ्या पटाच्या कडेवर कोरलेलं साल 1905, आणि माझी बाई उजवीकडे बघत होती. तेवढ्यावर भागलं नाही. प्रत्येक प्याद्यावर तिच्या कानाशी सुईच्या टोकाएवढं एकच भोक, त्याच जागी. ठोकलेला शिक्का दर वेळी थोडा वेगळा बसतो. हे सगळं शिक्क्यासकट एका साच्यातून ओतलेलं. "दगड मात्र छान आहेत," त्या म्हणाल्या. मुलगी पसंत नसली की पोह्यांचं कौतुक करतात, तसं.

आता, मी एकटाच फसलो असं समजू नका. नकली फाबेर्जेचा धंदा एवढा जुना की इंग्रजीत त्याला 'फोबेर्जे' असं नावच पडलंय. भलेभले अडकलेत. शिवाय त्या काळात शिक्क्यांची माहिती आजच्यासारखी फोनवर मिळत नव्हती.

पण शिक्क्यावर उजवीकडे पाहणारी बाई आणि कडेवरचं साल, दोन्ही मॉस्कोत त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर होतं. आजोबांचं भिंग खिशात होतं. काढलं नाही. तेव्हाचा मी अजूनही वाद घालतो: काढलं असतं तर पट घेतला नसतास, आणि तुला तर तो हवाच होता. यावर माझ्याकडे उत्तर नाही. वडिलांनाही खरं कधी सांगितलं नाही. ते पाहुण्यांना अभिमानाने "रशियाच्या झारचा" म्हणून दाखवायचे, आणि मी शेजारी बसून चहा घ्यायचो.

कपाटाला कुलूप नाहीये. या, एक डाव टाकू. पांढऱ्यांचा एक उंट बैठकीतून सुटलाय, तेवढा दगडाला धरून उचलू नका.