साकोलीकडच्या बांध्यांतला पेराएवढा बेडूक

भंडारा जिल्ह्यात साकोलीच्या आसपास, रोवणी ऐन जोरात असताना ही फेरी केली. शोध होता मायक्रोहायला ऑर्नाटा या चिमुकल्या बेडकाचा. नाकापासून बुडापर्यंत जेमतेम 2 ते 2.5 सेंटीमीटर.

आधी आवाज सापडतो, बेडूक नंतर. कंगव्याच्या दातांवरून नख ओढावं तसा करकरीत, आणि एवढ्याशा जिवाला न शोभणारा मोठा. त्यासाठी जंगलात शिरायची गरज नाही. धानाची बांधी, बोडीचा म्हणजे छोट्या तळ्याचा काठ, गुरांच्या खुरांच्या ठशांत साचलेलं पाणी, एवढं पुरे. शेतमालकाला आधी विचारा आणि धुऱ्यावरूनच, म्हणजे बांधावरूनच चाला; पऱ्ह्यांत, धानाच्या कोवळ्या रोपांत पाय पडला तर बोलणी खावी लागतील, आणि ती रास्तच असतील. गमबूट हवेतच, रात्री धुऱ्यावर मण्यारही फिरते.

नर गवताच्या बुडाशी, ढेकळाच्या आडोशाला बसून ओरडतो. चाहूल लागली की गप्प. टॉर्च विझवून दोन-तीन मिनिटं थांबा. एकट्याची इथे हमखास फसगत होते. दोघांनी दोन बाजूंनी आवाजाकडे बोट धरावं आणि दोन्ही रेषा मिळतील तिथलंच वीतभर गवत पाहावं.

ओळख पाठीवरून पटते. डोळ्यांच्या मधून निघालेला गडद पट्टा मानेशी अरुंद होतो, खांद्यांवर फुगतो, पुन्हा आत येऊन जांघांकडे पसरतो. कातडी गुळगुळीत, तोंड चिंचोळं, कानाचा पडदा दिसत नाही. मागच्या बोटांत पडदा नावालाच. ओरडणाऱ्या नराचा गळा काळपट असतो. याच दिवसांत भेकाची पिल्लं सगळीकडे उड्या मारत असतात आणि नवखे लोक तिथेच चुकतात. ती खरबरीत असतात. शेतातल्या साध्या बेडकाच्या पिल्लाच्या पाठीवर लांबट वळ्या असतात आणि कानाचा पडदा स्पष्ट दिसतो.

मात्र नुसत्या फोटोवरून जातीवर शिक्का मारू नका. याच्यासारखीच दिसणारी मायक्रोहायला निल्फामारिएन्सिस 2015 मध्ये बांगलादेशातून वेगळी नोंदवली गेली. पाठ, बाजू आणि पोट असे तीन फोटो घ्या, जमलं तर आवाजही रेकॉर्ड करा. हाताला डासांचं मलम असेल तर बेडकाला शिवू नका, त्याची कातडी ते शोषून घेते. पोटाच्या फोटोसाठी पारदर्शक डबीत ओलं पान घालून दोन मिनिटं ठेवा आणि होता तिथेच सोडा.

सकाळी त्याच डबक्यांवर पुन्हा नजर टाका. पाण्यावर एकेरी थरात तरंगणारी बारीक अंडी याच गटाची असू शकतात. त्यांतून निघणारी शेपटीवाली पिल्लं काचेसारखी पारदर्शक, पाण्याच्या मधोमध तरंगत राहतात. वरून पाहिलं तर आधी फक्त डोळेच दिसतात.