ओल्या नारळाची कासवं

मार्चमधे रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला नणंदेकडे समुद्री कासवांची पिल्लं बघायला गेलो होतो, सकाळी हॅचरीतली, म्हणजे अंडी राखून ठेवतात त्या कुंपणातली, टोपली उचलली आणि खाली वाळूत पंधरा-वीस पिल्लं वळवळत होती, काळपट राखाडी, चार बोटांएवढीसुद्धा नाहीत, पुढची वल्ही मागच्यांपेक्षा चांगली लांब. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली इथे अंडी राखायचं काम सुरू केलं, त्याआधी गावात घरटी उकरून अंडी नेली जायची हे नणंद अजून सांगते. पुतणी तासभर पाण्याशी उभी होती, हलेना. घरी दापोलीला आल्या आल्या म्हणाली, काकू, गणपतीत उरलेल्या उकडीचा उंदीर करतेस ना, तसं कासव कर, पण आत सारण घालून आणि ओव्हनमधे.

आता उकडीचं कसं असतं, चिमटा काढला की तो वाफवल्यावरही तिथेच राहतो. पावाचं पीठ फुगतं. पहिल्या खेपेला मी पाठीवर सुरीने छान चौकटी मारल्या होत्या, ट्रे बाहेर काढला तर चौकटी गायब, डोकी बाजूला नुसती चिकटवलेली ती चारपाच गळून पडली, आणि सारण ओलं राहिल्यामुळे पोटाखालून गुळाचा पाक वाहून ट्रेला असा चिकटला की गरम पाण्यात रात्रभर भिजत ठेवायला लागला. पुतणीने एक उचलून नीट बघितलं आणि म्हणाली हे तळ्यातलं कासव आहे, ह्याला पाय आहेत. बरोबर होतं तिचं, मी चार गोल गोळ्या लावल्या होत्या. समुद्रातल्या कासवाला वल्ही हवीत.

मग आठवलं की जपानमधे मेलनपान म्हणून गोड पाव असतो, त्याच्यावर बिस्किटाच्या पिठाचा थर असतो आणि त्याचीच कासवंही करतात. बिस्किटाचं पीठ म्हटलं तर आपली नानकटाई! १०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम पिठीसाखर, ५५ ग्रॅम तूप, एक चमचा कोको आणि लागलं तर चमचाभर दूध. सोडा किंवा बेकिंग पावडर अजिबात नको, नाहीतर हाही थर पसरतो आणि नक्षी जाते. दुधाची पिशवी कापून धुवून तिच्या दोन तुकड्यांमधे लाटायचं आणि पंधरा मिनिटं फ्रीजमधे, कारण आपल्याकडे मार्चमधे तूप हाताला लागताच पातळ होतं.

पावाचं पीठ दहा कासवांचं सांगते. २५० ग्रॅम मैदा, ४ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ३० ग्रॅम साखर, ३० ग्रॅम बटर, पाऊण चमचा मीठ, १४० मिली कोमट दूध. दूध सगळं एकदम ओतू नका, दमट हवेत मैदा आधीच थोडा ओलसर असतो, चमचाभर शेवटपर्यंत हातात ठेवा. दहा मिनिटं चांगलं मळायचं, झाकून दुप्पट होऊ द्यायचं, इथल्या उकाड्यात पाऊण तासात होतं.

सारण मोदकाचंच, एका नारळाला १०० ग्रॅम गूळ, वेलची, पण मोदकाला आपण ओलसर ठेवतो त्याच्यापुढे अजून परतायचं, कढईत चमचा फिरवला की तळ कोरडा दिसला पाहिजे, आणि मग पूर्ण गार. गरम सारण भरलं की आतलं पीठ चिकट होतं आणि शिवण धरत नाही. हे एवढं सांभाळलं तर कासव फुटत नाही, हातात कला नसली तरी चालेल.

पाठीला ३० ग्रॅमचा गोळा, आत २० ग्रॅम सारण, शिवण खाली. ट्रेवर आधी वल्ही ठेवायची, पुढच्यांसाठी एकच लांब वळी मधे जाड टोकाला निमुळती, मागे छोटी वळी, समोर थेंबासारखं डोकं ज्याची शेपटी बोटभर आत जाईल, सगळ्याला दुधाचा हात आणि वर पोट टेकवायचं, मग वजनानेच सगळं धरून राहतं. पाठीवर नानकटाईची चकती कडेपर्यंतच, खाली दुमडायची नाही. नक्षीला करंजीचं कातण फिरवते मी, हलक्या हाताने. डोळे काळ्या तिळाचे, मिरी नको, लहान मुलांच्या दाताखाली येते.

अर्धा तास फुगू द्यायचं पण उन्हात वगैरे ठेवायचं नाही, तूप वितळतं. १८० डिग्रीला सोळा ते अठरा मिनिटं. कोकोमुळे पाठीचा रंग कळत नाही म्हणून वल्ह्यांकडे लक्ष ठेवा, ती बदामी झाली की काढा.

ह्या खेपेला दहाच्या दहा धड निघाली. पाठ खुसखुशीत, वल्ही मऊ, आत गुळाचा वास. ओला नारळ आहे, ह्या हवेत रात्रभर बाहेर टिकत नाही, म्हणून चार शेजारी दिली. राहिलेल्या सहांतल्या एकाचं पुतणीने आधी मागचं वल्हं खाल्लं, मग दुसरं, आणि डोकं मात्र बराच वेळ ताटात तसंच ठेवलं होतं.