ब्रिज, स्विच आणि जिनिंगचा काटा

दिवाळीनंतर धरणगावकडच्या एका जिनिंगमधून, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातून, फोन आला. "भाऊ, काट्यावरचं वजन ऑफिसात येत नाहीये. गेटवर कापसाच्या गाड्यांची लाइन लागलीय." मी लगेच निघालो. हाताखाली काम शिकणारा पोरगा गाडीवर मागे बसला होता. त्याने विचारलं, "भाऊ, ब्रिज आनि स्विच एकच शे का?"

प्रश्न चांगला होता. संगणकांचं नेटवर्क जोडायच्या आमच्या धंद्यात ब्रिज म्हटलं की दोन इमारतींवर समोरासमोर लावलेली वायरलेस यंत्रांची जोडी. स्विच म्हणजे केबली खोचायचा डबा. मूळ अर्थ मात्र वेगळा आहे. १९८०च्या दशकात एकाच जाड केबलवर सगळे संगणक बोलायचे. दोघांनी एकदम पाठवलं की टक्कर व्हायची आणि दोघांनाही पुन्हा पाठवावं लागायचं. म्हणून केबलचे दोन तुकडे करून मध्ये ब्रिज बसवायचे. कुठला मॅक पत्ता (प्रत्येक यंत्राचा ओळख नंबर) कुठल्या बाजूला आहे हे तो येणाऱ्या फ्रेमवरून, म्हणजे डेटाच्या पुडक्यावरून, शिकायचा, आणि गरज असेल तेवढंच पलीकडे सोडायचा.

स्विचही हेच करतो. फरक आहे तो पोर्टच्या, म्हणजे केबल खोचायच्या खाचांच्या, संख्येत आणि वेगात. जुन्या ब्रिजला बहुधा दोनच पोर्ट असत आणि निर्णय सॉफ्टवेअर घ्यायचं. स्विचमध्ये ते काम खास चिप करते, त्यामुळे एकाच वेळी अनेक जोड्या बोलू शकतात. १९९० साली 'कल्पना' नावाच्या कंपनीने सात पोर्टचा इथरनेट (केबलीच्या नेटवर्कची पद्धत) स्विच बाजारात आणला. पुढे १९९४ मध्ये ती सिस्को या नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने घेतली. हे आपल्या ओळखीचं नाव या इतिहासात आहे, याचा मला फार आनंद वाटतो. म्हणजे स्विच हा पुष्कळ पोर्टचा, वेगवान ब्रिजच.

जिनिंगमध्ये पोहोचलो तर ऑफिसातल्या आणि गेटवरच्या दोन्ही स्विचचे सगळे दिवे एकदम, न थांबता लुकलुकत होते. ऑफिसपासून गेटवरचा काटा दीडशे मीटरच्या पुढे, आणि साधी लॅन केबल शंभर मीटरपर्यंतच धरायची. म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच तिथं वायरलेस ब्रिज लावला होता. आता कुणीतरी फायबर ओढून तेही त्याच दोन स्विचना जोडलं होतं. ब्रिज मात्र तसाच चालू. त्याच दोन स्विचमध्ये दोन वाटा झाल्या आणि गोल पूर्ण झाला.

ब्रॉडकास्टची, म्हणजे सगळ्यांसाठी पाठवलेली, फ्रेम आली की स्विच ती बाकीच्या सगळ्या पोर्टवर पाठवतो. गोल असेल तर ती फिरून परत येते, पुन्हा पाठवली जाते. इंटरनेटवर फिरणारं आयपी पॅकेट ठरावीक टप्प्यांनंतर मरतं, इथरनेटच्या फ्रेमला तसं काही नसतं. शिवाय एकच पत्ता कधी या पोर्टवर, कधी त्या पोर्टवर दिसतो, त्यामुळे स्विचने शिकलेला पत्त्यांचा तक्ताही बिघडतो. पोराला मी ब्रिजची केबल काढायला सांगितली. दिवे शांत झाले, काट्याचं वजन आलं, पहिला ट्रॅक्टर आत सरकला.

यावरचा इलाज रेडिया पर्लमन या बाईंनी १९८५ साली शोधला: स्पॅनिंग ट्री. वाट जादा दिसली की स्विच ती स्वतःहून बंद ठेवतो आणि मुख्य वाट तुटली की उघडतो. हा शोध ब्रिजसाठी होता, म्हणून आजही महागड्या स्विचच्या सेटिंगमध्ये 'ब्रिज प्रायॉरिटी' असंच लिहिलेलं असतं. तिथले दोन्ही डबे स्वस्तातले होते, त्यांत ही सोयच नव्हती.

मालक बापूंनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी ही सोय असलेले दोन स्विच आणायला पैसे दिले. फायबर मुख्य, वायरलेस राखीव असं लावलं, आणि पोराला 'ब्रिज प्रायॉरिटी' हे शब्द स्क्रीनवर बोट ठेवून दाखवले. मग गाड्या नसताना मी गेटवरच्या स्विचमधून फायबरची केबल उपटली आणि पोराला सेकंद मोजायला लावले. तिसाच्या आसपास ऑफिसातून मुनीमजींचा आवाज आला, "आलं वजन!"